मोजण्याआधीच लिहिलेला दर

महाडात घरांच्या किमती ठरवणारे आम्ही दोघं-तिघंच होतो, आणि त्यांत सगळ्यात कडक मी. निदान माझं मत तसं होतं. घर तारण ठेवून कर्ज द्यायचं असलं की बँक आम्हाला पाठवायची. आम्ही घर मोजायचं, किंमत लिहून द्यायची. एवढंच काम, पण मी न्यायाधीशाचा आव आणायचो. ज्या घराची किंमत ठरवायची तिथला चहा नाही, पाणीसुद्धा नाही. फणस, आंब्याची पेटी, सगळं परत. खांद्याला स्वतःची वॉटरबॅग. बायको म्हणायची, "आपलं घर मोजायला घेऊ नका हं कधी, उपाशी मराल."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बिरवाडीला बौद्धवाडीत एका शिक्षकांचं घर मोजायला गेलो. औद्योगिक वसाहतीत कारखाने वाढत होते, कामगार खोल्या शोधत फिरायचे. मास्तरांना घरावर स्लॅब टाकून वर दोन खोल्या काढायच्या होत्या. त्यांच्या भाड्यावर मुलीला नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं. मी किंमत कमी लिहिली तर कर्ज स्लॅबला पुरणार नव्हतं.

अंगणात पाऊल टाकतो तोच मास्तरांच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सवयीने हात आडवा केला आणि वॉटरबॅग दाखवली. "नको, माझ्याकडे आहे."

पाणी नाकारण्याचा अर्थ महाडच्या माणसाला सांगावा लागत नाही, तरी तो माझ्या ध्यानात यायला उशीर झाला.

"का रे सायबा," म्हातारी म्हणाली, "आमचं पानी चालत नाय काय तुला?"

मी घाईघाईने नियम सांगू लागलो. कुणाकडेच घेत नाही, बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांकडेही नाही. ती कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत राहिली.

"म्हंजे तुजा नेम हाय. मंग आधी सांगायचं, मंग हात आडवा करायचा. किती जनांच्या दारात असा हात केलास नि त्यांनी काय समजून घेतलं, तुला ठावं तरी हाय काय?"

एवढं बोलून ती स्वतःच हसली आणि मला सावलीत बसायला सांगितलं. बाई मला तिथल्या तिथे आवडून गेली.

मोजताना टेपचं दुसरं टोक मास्तरांनी धरलं. माझी वही ओट्यावर उघडी होती. चालता चालता ते तिच्यापाशी थांबले.

"साहेब, एक विचारू? घर तर आपण आत्ता मोजतोय. मग हे कधी लिहिलंत?"

त्यांनी बोट ठेवलं त्या ओळीत माझंच अक्षर होतं. वस्तीबद्दल वजा पाव हिस्सा.

ते मी एस.टी.त लिहिलं होतं. वेळ वाचावा म्हणून वरच्या ओळी मी प्रवासातच भरायचो. गाव, तालुका, रस्ता, वस्ती. बौद्धवाडी म्हटली की दर कमी धरायचा, हे मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी. मी मास्तरांना पाठ केलेलं कारण सांगितलं, की इथे बाहेरचं गिऱ्हाईक येत नाही.

"आमच्या मागच्या खोलीत कारखान्यातला माणूस राहतो," मास्तर म्हणाले. वर्गात अडलेल्या मुलाशी बोलावं तसा त्यांचा आवाज होता. "रस्त्यापलीकडे गावात देतात तेवढंच भाडं देतो. तुम्ही विचारून बघा."

मला राग आला. खरं सांगायचं तर पकडलो गेल्याचा राग. तरी रविवारी पुन्हा गेलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारोदार भाडी विचारली. ती सारखीच निघाली. लाज वाटली, फार वाटली. कुणाच्या बाजूने झुकू नये म्हणून मी घोटभर पाणीही टाळत होतो. कुणाच्या विरुद्ध आधीच झुकलेलो आहे का, हे कधी बघितलंच नव्हतं.

अहवाल नव्याने लिहिला, भाड्यांची यादी जोडली. बँकेच्या साहेबांनी भुवया उंचावल्या, पण कर्ज मंजूर केलं. पावसाळा सरल्यावर मास्तरांनी स्लॅब टाकला. म्हातारीचा निरोप आला, "सायबाला म्हनावं, आता मोजायचं काय रायलं नाय, जेवायला ये." गेलो. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पोटभर जेवलो. ती वाढताना मला बोलतच होती, आणि मला ते गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातल्या जुन्या अहवालांच्या कार्बन प्रती काढून बसलो. जिथे जिथे ती ओळ होती ती घरं वेगळी काढली. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावातलं एक होतं. मी स्वतः तिथे गेलो, घरमालकाला शोधून काढलं आणि माझी चूक झाली म्हणून सांगितलं. किंमत पुन्हा लिहून देतो, म्हणालो.

"कर्ज पुरलं नाय, म्हनून ते घर तवाच इकलं, सायेब," ते म्हणाले. "तुमी लिवली व्हती त्याच किमतीला."