जावेचा ड्रम

भातकापणी झाली की सावित्रीकाठच्या आमच्या दोन पट्ट्यांत कलिंगडांची लागवड होते, आणि तिथून शिमग्यापर्यंत माझं चित्त डिझेलात. वीज अजून नदीपर्यंत आलेली नाही, तेव्हा पाणी इंजिनानंच ओढायचं. एक पट्टा माझा, शेजारचा धाकट्या जावेचा. दोघींचेही नवरे मुंबईला.

मी डिझेल कॅनमधून आणायची. एसटीत ते चढवू देत नाहीत, म्हणून महाडला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोची वेळ सांभाळायची. टेम्पो चुकला की वेली तहानलेल्या. एका वर्षी जावेच्या भावानं तिला मोठा लोखंडी ड्रम आणून दिला, खाली तोटी बसवलेला. एकदा भरला की तिला कितीतरी दिवस घोर नाही. मी कॅन घेऊन रस्त्यावर ताटकळत असायची आणि खालून तिच्या इंजिनाचा आवाज यायचा. भाऊ मलाही होता, पण त्याला असलं काही सुचलं नव्हतं. त्याचा राग जावेवर. तिनं चहाला बोलावलं तरी मी काम आहे म्हणून सांगायची.

पौषात कडाका पडला. नदीवरचं धुकं उन्हं वर येईतो हलेना. एका सकाळी तिचं इंजिन भकभकलं आणि बंद पडलं. मी बांधावर उभी होते. मला बरं वाटलं.

पोलादपूरहून मेस्त्री आला. त्यानं काचेच्या बाटलीत डिझेल काढलं, तर खाली पाणी बसलेलं. ड्रम अर्धा रिकामा, तोही उघड्यावर. गारठ्यानं आत दव धरलं, तळाला साचलं आणि तोटीतून थेट इंजिनात गेलं, असं तो म्हणाला. इंजिन त्यानं साफ करून दिलं, पण ड्रममधलं डिझेल घालू नको म्हणून बजावलं.

संध्याकाळी जाऊ माझ्या दारात आली.

"वयनी, येक कॅन दे गो. पाण्याबिगर फूल गळतंय माजं."

माझ्याकडे दोनच भरलेले होते. एक पुढे केला, पण जीभ आवरली नाही. "ड्रमवालीला माजा कॅन लागला काय?"

ती कॅन उचलून उतरणीला लागली.

चार दिवसांनी तीच परत आली. तळाचं पाणी तिनं काढून टाकलं होतं. तिच्या घराला पडवी नाही, म्हणून ड्रम माझ्या पडवीत ठेवावा, दोघींनी मिळून काठोकाठ भरावा आणि दोघींनी वापरावा, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. रस्त्यावरचं ताटकळणं संपलं. माझ्या त्या टोमण्याची आठवण तिनं कधी काढली नाही, आणि तेही मला खुपत राहिलं.

शिमग्याच्या आधी व्यापारी आला. दोन्ही पट्टे फिरला आणि पहिला तिचा माल उचलला. डिझेल एकच, नदी एकच, तरी तिची फळं थोराड.

त्यातलं एक कलिंगड तिनं माझ्या मुलांसाठी धाडलं. मी एक फोड खाल्ली. माझ्या कलिंगडापेक्षा गोड होती. मुलांनी दुसरी पुढे केली, तेव्हा मी पोट भरलं म्हणून सांगितलं.