बदल्यांची यादी, नवे कोबॉल आणि कुमुदबाई

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीला आमच्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी प्रोग्रामर म्हणून रुजू झालो, तेव्हा कुमुदबाई विभागप्रमुख होत्या. पहिल्याच दिवशी मी ऐटीत विचारले, "बाई, हा प्रोग्राम चालतो कसा?" त्या हसून म्हणाल्या, "चालतोय तोवर विचारू नका हो!" बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या हुशारीबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला आठवतो तो त्यांचा गोंधळ.

त्या उन्हाळ्यात कोबॉल या आमच्या संगणकभाषेची नवी आवृत्ती आली आणि शिक्षकांच्या बदल्यांचा चालता प्रोग्राम आडवा झाला. त्याचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, जुन्या आवृत्तीत बनलेले. नवीला ते पटेनात. एकाची समजूत काढावी तर दुसरे रुसे. मी उगाच आव आणून कारणे सांगत असे. बाई सरळ म्हणत, "मला काही म्हणता काही कळत नाहीये. तुम्हाला कळतंय का? खरं सांगा." छे, कुठले कळायला! मग आम्ही दोघे काय काय कळत नाही तेच मोठ्याने बोलत बसायचो. असे करत एकेक मॉड्यूल नव्याने बांधून झाले. ज्यावर बदलीचा क्रम ठरे, ते सेवाकाळ मोजणारे तेवढे जुनेच ठेवले, कारण ते बिचारे तक्रारच करत नव्हते.

माझा सगळा जीव त्या यादीत होता. माझी पत्नी शोभा संस्थेच्या देवरूखच्या शाळेत शिकवत होती, आणि तिला दिवस गेले होते. या वेळी बदली झाली नाही, तर आणखी वर्षभर ती तिकडे आणि मी इकडे.

यादी छापून आली. रत्नागिरीच्या एकुलत्या एका जागेवर शोभाचे नाव! मी पेढे आणायला निघालोच. बाई मात्र कागदाकडे बघत राहिल्या. "थांबा हो. अलोऱ्याच्या शाळेतले गुरुजी इतकी वर्षं घरापासून लांब, आणि ते सगळ्यांत खाली कसे?" बघतो तर काय, ते न कुरकुरणारे मॉड्यूल आकडे जुन्या पद्धतीने मांडत होते आणि नवे भाग ते भलतेच वाचत होते. बाईंनी ते दुरुस्त केले. जागा गुरुजींना गेली.

"कोण तपासणार होतं ती यादी?" मी संतापून म्हणालो.

"मी तपासली ना," बाई म्हणाल्या. "चला, तुमच्या घरी मीच सांगते."

एसटीने त्या माझ्याबरोबर देवरूखला आल्या. ऐकून शोभा आधी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो बाई, गुरुजींना कळवलंत का? आधी तिकडे जायचं सोडून इथे काय आलात!" बाईंच्याही डोळ्यांत पाणी आले.

मूल होईपर्यंत दर शनिवारी मला दुपारची देवरूखची गाडी मिळावी म्हणून बाई माझे काम स्वतः उरकत. त्या दिवशी मी नेमका कोणावर चिडलो होतो, हे मला अजूनही कळलेले नाही. एवढे मात्र कळते, की आमच्या सोयीच्या याद्या बघून "थांबा हो" म्हणायला बाई अजून पुष्कळ वर्षे, अगदी ठणठणीत, आमच्यात असायला हव्यात.