सिलिकॉन पिकेपर्यंत

गोखिवऱ्याच्या माझ्या गाळ्यात नवीन माणूस आला की आधी माझ्या मागे बघतो. आत कोणी पुरुष बसला असेल आणि तोच मेकॅनिक असेल, अशी त्याची समजूत. मागे नुसती भिंत आहे. टीव्हीच्या कारखान्यात मी चौदा वर्षं पिक्चर ट्यूब जोडल्या. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या, मी हा गाळा घेतला. जुने टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि कधीतरी तीन ट्यूबचा मोठा प्रोजेक्टर, असं काम येतं. असा प्रोजेक्टर उघडणारं इथे आता दुसरं कोणी राहिलेलं नाही.

वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीत घर असलेले एक निवृत्त शिक्षक असाच प्रोजेक्टर घेऊन आले होते. बंद पडलेल्या एका व्हिडिओ हॉलमधून त्यांनी तो आणला होता आणि कित्येक वर्षं घरच्या ओटीवर गावातल्या लग्नांच्या, सणांच्या कॅसेटी त्यावर दाखवल्या होत्या. या यंत्रात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन ट्यूब असतात. ट्यूब तापते म्हणून तिची काच आणि भिंग यांच्यामध्ये एक दाटसर द्रव भरलेला असतो. तो बाहेर येऊ नये म्हणून कडेने सिलिकॉन भरतात. सरांच्या निळ्या ट्यूबचं सिलिकॉन जुनं होऊन सुटलं होतं.

पहिल्या वेळी चूक माझीच झाली. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, सरांनी संकोचत घाई केली आणि मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी यंत्र दिलं. वरून बोट लावलं तर सिलिकॉन घट्ट लागत होतं. पाहुण्यांसमोर अर्धा तास चित्र छान चाललं, मग एका कडेने पिवळं पडत गेलं. द्रव गळून निळा रंग कमी होत होता. दुसऱ्या दिवशी मी गेले तर टेबलावर चिकट ओघळ आणि त्यात मुंग्या. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी कड उघडली. वर पातळ कातडं आणि खाली मलमासारखं ओलं सिलिकॉन. चौदा वर्षं ट्यूब जोडलेल्या बाईने भिडेपोटी कच्चं काम दिलं होतं. तेव्हाच ठरवलं, यापुढे समोर कोणीही असो, या बाबतीत ऐकायचं नाही.

यंत्र पुन्हा गाळ्यावर आणलं. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, कारण जुन्यावर नवं धरत नाही. काच आणि धातूची कड स्पिरिटने तीनदा पुसली. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन मी वापरत नाही, ते धातू खातं. वास न येणारं आणलं, गुरुवारी सकाळी भरलं. त्याच वेळी काचेच्या एका तुकड्यावर, दोन पट्ट्यांच्या मध्ये, तेवढ्याच जाडीचा नमुना भरून ठेवला.

शनिवारी सरांचा मुलगा आला. परदेशात मोठ्या हुद्द्यावर असलेला, सुट्टीवर आलेला. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, रविवारी कार्यक्रम होता आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कॅसेट सगळ्यांसमोर दाखवायची होती. त्याने आधी माझ्या मागे बघितलं. मग विचारलं, मेकॅनिक कधी येणार. मीच, म्हटल्यावर थोडा गडबडला, पण लगेच मुद्द्यावर आला. उद्या यंत्र हवं होतं.

मी पुढच्या शुक्रवारआधी मिळणार नाही म्हणून सांगितलं. त्याने हेअर ड्रायर लावायला सुचवलं. मग उन्हात ठेवायला.

"हे वाळत नाही, पिकतं," मी म्हटलं. "हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत पिकत जातं. गरम हवा मारली तर वरचं कातडं तेवढं घट्ट होईल."

तिकडे अशी कामं एका दिवसात होतात, असं तो म्हणाला. मग तिकडेच न्या, हे माझ्या तोंडून निघून गेलं. तो भडकला. यंत्र आमचं आहे, आत्ता उचलून नेतो, म्हणाला. मी म्हटलं, खुशाल न्या, पण मी द्रव भरून देणार नाही आणि द्रवाशिवाय लावलंत तर ट्यूब तडकेल. मग नमुन्याची काच पुढे ओढली आणि त्याच्यासमोर ब्लेडने सिलिकॉन मधोमध कापलं. आतला ओला गर ब्लेडला चिकटून आला. त्याने तो बोटावर घेऊन पाहिला आणि वडिलांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले, "ताई म्हणतील तेव्हा."

मुलगा निरोप न घेता गेला.

रविवारी मला बोलावणं होतं. नवऱ्याने जाऊ नको म्हणून सांगितलं, लोक तोंडावर बोलतील. मी गेले. चांगली साडी नेसून गेले. मुलाने छोटा नवा प्रोजेक्टर आणला होता, त्यावर फोटो दाखवले. फोटो सुरेख दिसले, ते मी कबूल करते. मांडवात दोघीतिघींनी माझ्याकडे बोट करून, मशीन अडवून ठेवणारी ती हीच, असं सांगितलेलं मी ऐकलं. मी ताट घेऊन त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर बसले आणि पोटभर जेवले. सरांच्या बायकोने स्वतः येऊन मला वाढलं.

शुक्रवारी नमुना परत कापला. आतपर्यंत रबर. द्रव भरला, बुडबुडे बाहेर येऊ दिले, ट्यूब कोऱ्या कागदावर उपडी ठेवली. शनिवारी कागद कोरडा होता.

त्या संध्याकाळी ओटीवर आम्ही सातआठ जणच होतो. मुलगा परत गेला होता. पडद्यावर बँड वाजत होता आणि निळ्या साडीतली सरांची बायको नवऱ्याला हाताला धरून नाचायला ओढत होती. समोर खुर्चीत बसलेल्या त्याच बाई म्हणाल्या, ही साडी मी विसरलेच होते. कॅसेट संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. चित्र कुठेही पिवळं पडलं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. ती कड अजून गळलेली नाही. मागच्या महिन्यात कामणच्या गोदामाकडून एक जण असाच प्रोजेक्टर घेऊन आला, परवा हवा म्हणाला. मी आठ दिवस सांगितले. तो दुसरीकडे बघतो म्हणाला. मी यंत्र टेम्पोत चढवायला हात लावला आणि परत कामाला बसले.