तापलेल्या गाडीतून माणिककडे

आमचा अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा एक आवाज अर्धी ओळ मागं असायचा. सगळे थांबले की शेवटचा शब्द एकटाच वर्गभर फिरून यायचा. तो माणिक. गुरुजी म्हणायचे, "माणक्या, तुझी गाडी कायम लेट."

पुढं तो लातुरात राहिला, मी नांदेडात, विष्णुपुरीच्या अलीकडं. रोज सकाळी फोनवर एक कडवं त्याचं, एक माझं. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून त्याची सून अर्चना फोन त्याच्या कानाला लावते, मी बोलतो, पलीकडं नुसता श्वास. शुक्रवारी संध्याकाळी तीच म्हणाली, "काका, उद्या दुपारी आम्ही बाबांना नागपूरला घेऊन चाललो. कायमचंच."

नागपूर आता माझ्याच्यानं होणार नाही. शनिवारी उजाडताच गाडी काढली. येतोय म्हणून कळवलं नाही. कळवलं असतं तर "या उन्हात एकटे नका येऊ" हेच ऐकावं लागलं असतं.

नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर. रस्ता आता चांगला झालाय, चहा पिऊनसुद्धा तीन तासांत पोचता येतं. कडेच्या रिकाम्या काळ्या रानावर ऊन नुकतंच टेकत होतं. लोह्याच्या अलीकडं तापमानाचा काटा वर सरकला.

अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, इंजिनातली थोडी उष्णता आत येते. भर वैशाखात तोंडावर गरम झोत घेत मी लोह्यात शिरलो. आणखी एक सांगतो, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेनं हात जातो. मी बॉनेट उघडून बाभळीखाली बसलो आणि चौथीच्या पुस्तकातल्या आठवतील तेवढ्या कविता म्हणून काढल्या. तेवढ्यात इंजिन निवतं. नंतर बघितलं तर पाणी कमी झालं होतं. जवळच्या हापशाचं भरलं.

लोह्याच्या मेकॅनिकनं फॅनला थेट वायर लावली. "फॅन तर फिरायलाय काका. स्विच बदलू, बघू."

स्विच बदलला. गाव सोडलं, गाडी पळाली आणि काटा पुन्हा वर. कडेला थांबून अर्चनाला फोन केला, तिनं उचलला नाही. आवराआवरीत असेल.

मग एक गोष्ट लक्षात आली. ट्रॅक्टरच्या मागं हळू जाताना काटा खाली येत होता, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की चढत होता. फॅन बिघडला असता तर उलटं झालं असतं. म्हणजे वारा पुरतोय, पाणीच आतून नीट फिरत नाहीये. ट्रॅक्टरच्या चालीनं अहमदपूर गाठलं आणि तिथल्या गॅरेजवाल्याला म्हणालो, "रेडिएटर चोंदलाय. खोला."

"तुमीच मेकॅनिक हाव की मग!" तो हसला. रेडिएटर उतरवून त्यानं नळीत तार घातली तर क्षाराचे पांढरे पापुद्रे पडले. "गाडीला काय पाजता?"

"घरच्या बोअरचं पाणी."

"त्या पाण्यात डाळ शिजती का?"

"न्हाई. डाळीला आम्ही नळाचं घेतो."

"बघा! सोताला नळाचं, गाडीला बोअरचं. लई लाडाची दिसती गाडी!"

मीही हसलो. ही गेल्यापासून घरात डाळ क्वचितच शिजते, हे त्याला कशाला सांगू?

रेडिएटर साफ करून, पाइप धुऊन, कूलंट भरून गाडी हातात आली तेव्हा दुपार कलली होती. पुढं काटा मधोमध राहिला. खर्च झाला, पण इंजिन वाचलं.

लातुरात माणिकच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. "बाराच्या सुमाराला गेले की. तुम्ही कोण?"

"वर्गमित्र."

ते गेले त्याच रस्त्यानं मी आलो होतो. माझी गाडी अहमदपुरात उघडी पडलेली असताना माणिक माझ्या समोरून गेला असणार. अर्चनाचा फोन बंद लागत होता.

रात्री लॉजवर राहिलो. सकाळी हॉटेलात सुशिला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. लातूरला गेलात तर जरूर खा. नंतर परत निघालो. गाडी सुरेख चालली. रस्ताभर कविता म्हणत आलो, दर कडव्यानंतर थांबत. पुढचं कडवं माझं नसतं.

घरी येऊन हे लिहायला बसलो. गाडी दुरुस्त झाली, सहलीचं म्हणून एवढंच सांगण्यासारखं.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली.

दारात अर्चना. "काका, होता कुठं तुम्ही? काल येऊन गेलो तर कुलूप! फोन पडून फुटला, नंबरच गेले सगळे. रात्री इथंच माझ्या माहेरी राहिलो. आज नागपूरला निघालो तर चौकात विष्णुपुरीकडची पाटी दिसली की बाबा काच बडवायला लागले. थांबंचनात."

तिच्या मागं काठीवर रेलून माणिक उभा होता. वाळलेला, दाढी वाढलेला.

"ये ना आत," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. वळला आणि एकेक पाऊल टाकत माझ्या गाडीपाशी जाऊन डाव्या दाराला हात घातला.

"बाबा, आपली गाडी तिकडं हाय," अर्चना म्हणाली.

तो जागचा हलला नाही. मी अनवाणीच धावलो.

"थांब, सीट तापली असंल," म्हणालो, आणि खांद्यावरचा टॉवेल सीटवर अंथरला.