संगिनीची विळी

पहिली आली शेजारची शकू, मागनं जुनी हत्यारं जमवणारा तिचा जावई. बायांनो, आज दुपारचीच गोष्ट.

"आजी, गोऱ्या शिपायाची ती संगीन द्या ना. शोकेसात ठेवतो."

मी मेथी चिरत होते. म्हटलं, "ही काय, पायाखाली!"

तिनंच माझ्या बापाला भोसकलं. शिपाई पळाला, संगीन राहिली. आईनं लोहाराकडून तिची विळी करून घेतली.

"अहो, इतिहासाची वाट लावलीत!"

"मारेकरणीला काचेत मिरवू? रोज राबवते मेलीला!" सांगा, चुकलं माझं?

पुन्हा समजवायला येतो म्हणाला. म्हटलं, "या जावईबापू. अख्खा भोपळा आणलाय. पहिला घाव पुरुषानं घालायचा असतो, तो तुम्हीच घाला, ह्याच विळीवर."

बुधवारी येतायत हो!