ऑल्विनच्या नावाचा फुगा

नाताळच्या आदल्या दुपारी पावलीन स्वयंपाकघरात चटई टाकते. "झोपत नाही मी, नुसती पाठ टेकते," असं ती नवऱ्याला, इनासला, सांगते. पाठ टेकणाऱ्या बायकांचं पुढे काय होतं ते इनासला लग्नापासून ठाऊक आहे. तो अंगणात नाताळचा तारा टांगायला जातो.

तिच्या उशाशी पिठाचा मोठा टोप आहे. मैदा, अंडी, साखर, नारळाचं दूध, आणि सगळ्याला उठवायला ताडी. टोपावर फडकं, फडक्यावर जुनी गोधडी, आणि गोधडीवर चिंगी मांजर. वसईच्या या भागात नाताळ म्हटला की फुगे, म्हणजे तळलेले गोड गोळे, हवेतच, आणि फुग्याच्या पिठाला ऊब हवी. ती चिंगी आयती देते, त्यामुळे तिला कुणी हाकलत नाही. संध्याकाळी पीठ मुठीत धरून दाबायचं, अंगठ्याच्या फटीतून गोळा वर आला की तो अलगद कढईत सोडायचा. इतकं साधं काम, पण पावलीनच्या सासूने त्याला एक रीत लावून दिली होती.

पहिले फुगे घरातल्या माणसांचे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक तेलात सोडायचा. नाव जिवंत माणसाचंच घ्यायचं. मेलेल्यांना तेल नाही, मेलेल्यांना मेणबत्ती. ती दफनभूमीत, कबरीवर. सासू स्वतः गेली त्या नाताळला पावलीनच्या तोंडून सवयीने तिचं नाव निघालं होतं, तर इनासने झाऱ्याने तो फुगा तिथल्या तिथे बाहेर काढला. म्हणाला, "आईला कढईत नको बोलावूस."

मग ऑल्विनचं काय करायचं, हा या घरातला प्रश्न आहे.

ऑल्विन त्यांचा मुलगा, मालवाहू जहाजावर होता. आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी एका रात्री पहाऱ्यासाठी डेकवर गेला आणि सकाळी डेकवर नव्हता. कंपनीने त्याची बॅग पाठवली. बॅगेत सगळं होतं, फक्त तो नव्हता. त्यानंतर तीन नाताळ आले. इनास म्हणतो, चर्चमध्ये मृतांसाठीची मिस्सा सांगू या, आईच्या कबरीवर त्याचं नाव कोरू या. पावलीन म्हणते, माती कुणाला दिलीस ते आधी दाखव. लोक तिला समजावून दमले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला तो मुलगा आणि काडी धरून बसली ती आई. दर नाताळला ती त्याच्या नावाचा फुगा तळते आणि बशीत झाकून ठेवते. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत तो दगड होतो. मग कोंबड्यांना.

आता तिचे डोळे जड झालेत. अंगणात इनासची शिडी करकरते. टोपातून आंबूस, गोडसर वास येतोय. पीठ वर येताना बारीक आवाज करतं, एखादं मूल झोपेत ओठ हलवतं तसा, आणि पावलीन तो आवाज ऐकत असते, ऐकत असते, आणि शिडीचा आवाज केव्हा थांबला ते तिला कळत नाही.

"आय, केवढं गो हे पीठ. सगळ्या गावाला घालणार की काय?"

ऑल्विन टोपाशी उकिडवा बसलाय. गोधडी बाजूला करून त्याने बोट घातलंय, लहानपणी घालायचा तसंच. पावलीनला जरासुद्धा नवल वाटत नाही. तिला राग येतो, एवढंच.

"बोट काढ. धुतलंस तरी का?"

"माझ्याएवढे धुतलेले हात कुणाचे नसतील."

खरंच आहे. त्याची बोटं पांढरी पडून सुरकुतलीत, बावखलात, वाडीतल्या तळ्यात, दिवसभर डुंबून आलेल्या पोरांची होतात तशी. शर्टातून पाणी ठिबकतंय. तिने आजच सारवल्यासारखी पुसलेली फरशी ओली होत चाललीय.

"टॉवेल घे. सर्दी होईल."

"आता कसली सर्दी," तो हसतो. तेच हसणं, एका बाजूला ओठ वर जाणारं.

बोसन येतो. बोसन म्हणजे त्याचा कुत्रा. पहिल्या जहाजावरून घरी येताना तो वाटेतून हे पिल्लू जॅकेटात घालून घेऊन आला होता. जहाजावर सगळ्यांवर ओरडणाऱ्या माणसाला बोसन म्हणतात, म्हणून हे नाव. हा मात्र जन्मात कुणावर ओरडला नाही. आता म्हातारा झालाय, दिवसभर फाटकाशी पडून असतो. पण या घडीला तो पुन्हा मूठभर पिल्लू आहे आणि ऑल्विनच्या ओल्या पायांवर लोळतोय. पावलीनला वाटतं, कुत्र्याला बघ किती सोपं जातं.

"जेवतोस ना? मटण केलंय. तुझ्यासाठी तिखट जास्त घातलंय."

"दरवर्षी घालतेस. बाबांना सोसत नाही, तरी."

"तुला कसं कळलं?"

"येतो ना मी. तू नाव घेतेस, मग यावंच लागतं."

ते दोघं ओट्याशी उभे आहेत, पण ओट्याला आता लोखंडी कठडा आहे आणि कठड्याच्या पलीकडे काळं पाणी वरखाली होतंय. चुलीवरची कढई तशीच आहे. जहाजावर कढई कशी चालेल, असं पावलीनला एकदा वाटून जातं. मग ती कढई घट्ट धरून ठेवते, कारण सगळं एका अंगाला कलतंय.

"मग पुढे का येत नाहीस? घरात ये. तुझ्या खोलीतली चादर बदलते मी."

"कढईपर्यंतच येता येतं, आय. आणि तिथे फार गरम असतं. एवढं थंड सोसायचं आणि मग एकदम एवढं गरम."

तो तक्रार करत नाही. शाळेत डब्यात काय होतं ते सांगावं, तसं सांगतो. पावलीन मात्र कढईवरचा हात काढते. तीन नाताळ तिने त्याच्या नावाने तो गोळा तेलात सोडलाय, आणि तो लाल होईपर्यंत समोर उभी राहिलीय. वैरीसुद्धा असं करणार नाही, असं तिच्या मनात येतं.

"मला काय ठाऊक," ती म्हणते. "मला वाटायचं, नाव घेतलं की तू जिवंत राहतोस."

"हो. ठाऊक आहे मला."

पाणी ओसरलंय. ते चर्चच्या मागच्या बाजूला उभे आहेत, ओळीने कबरी आहेत, आणि कबरींवर टेबलं मांडलीत. सगळ्यांच्या पुढ्यात पानं. पावलीनची सासू खुर्चीत बसून केळीच्या पानावरचे फुगे मोजल्यासारखे करतेय. तिच्यापुढे मेणबत्ती आहे. पलीकडे इनासचा थोरला भाऊ बसलाय, त्याच्यापुढे मेणबत्ती आहे. ज्यांना पावलीन ओळखत नाही अशा कितीतरी माणसांपुढे उजेड आहे आणि सगळे आपापल्या उजेडात निवांत जेवताहेत. कुणी मान वर करून बघत नाही.

ऑल्विन टेबलांच्या शेवटी उभा आहे. तिथे काळोख आहे. त्याचा चेहरा तिला नीट दिसत नाही.

"आजीकडे जाऊन बस ना," ती म्हणते.

"आजी हाक मारते. पण जागा दिसत नाही गो."

"असं कसं, ही काय इथे—" आणि तिलाही जागा दिसत नाही. ती हाताने चाचपडते. दगड, गवत, पुन्हा दगड.

"एक लाव ना," तो म्हणतो. "छोटी असली तरी चालेल. आपल्याकडे वीज जायची तेव्हा लावायचीस तेवढी."

पावलीनला सगळं समजतं. न समजायला ती काही लहान नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती ही तीन वर्षं जगली. पण डोळे मिटलेलं मांजरही आंधळं नसतं.

"मी मेणबत्ती लावली, म्हणजे तू मेलास."

"हो."

"मग नाही लावत."

"बरं," तो म्हणतो.

तो हट्ट करत नाही. लहानपणीही कधी केला नाही. सायकल नाही म्हटलं, बरं म्हणाला. जहाजावर जाऊ नकोस म्हटलं तेव्हा तेवढा एकदाच बरं म्हणाला नाही. आता तो आणखी एक पाऊल काळोखात सरकतो, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून सरकावं तसा. पिल्लू त्याच्या मागे जातं आणि थोड्या वेळाने एकटंच परत येतं.

"ऑल्विन."

 नुसता पाणी ठिबकण्याचा आवाज.

"अरे, तिथेच थांब. हलू नकोस."

तिच्या हातात मेणबत्ती आहे. ती सासूच्या टेबलाशी वाकते आणि सासूच्या वातीवरून आपली पेटवते. सासू तिच्याकडे बघते, आणि जन्मभर जिने पावलीनच्या हातच्या एका पदार्थाला चांगलं म्हटलं नाही, ती तिच्या मनगटाला हात लावते. वारा आहे. पावलीन ज्योतीवर तळहात धरून चालते. मेण वितळून तिच्या हातावर पडतं, भाजतं, ती हात हलवत नाही. उजेड गवतावरून पुढे सरकतो, दगडावर चढतो, दोन ओल्या पायांपर्यंत पोचतो. गुडघे दिसतात. शर्ट दिसतो. तो कोरडा होत चाललाय. ती चेहरा बघायला मेणबत्ती वर उचलते.

"पावलीन. ऊठ, पीठ सांडलं बघ."

तिन्हीसांज झालीय. दाराबाहेर इनासचा तारा लागलाय आणि त्याचा लाल उजेड फरशीवर पडलाय. टोपातलं पीठ फडकं उचलून बाहेर आलंय, गोधडीला लागलंय, आणि चिंगी कोपऱ्यात बसून आपले पंजे चाटतेय. चेहरा बघायचा राहिला. पावलीनला एवढंच कळतं, आणि ती उताणी पडून राहते. या जगात आता असं काहीही उरलेलं नाही ज्यासाठी उठावं, असं तिला वाटतं. तरी ती उठते, कारण पीठ सांडतंय.

हात धुवायला ती मोरीत जाते तेव्हा तिला तो थेंब दिसतो. उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, पांढरा, वाटोळा, घट्ट. ती त्याला नख लावते. भोवतालची कातडी लाल झालीय. घरात आज मेणबत्ती कुणी पेटवलेली नाही. ती नळ न सोडताच परत येते.

मुलगी जसिंता आपल्या लेकीला, इव्हाला, घेऊन पोचलीय. इव्हा बोसनच्या गळ्यात चंदेरी झिरमिळी बांधायचा प्रयत्न करतेय आणि बोसन ते सोसून घेतोय. तेल तापतं. जसिंता झारा घेऊन उभी राहते, इनास परात धरतो.

पावलीन पीठ मुठीत घेते.

"इनास." पहिला गोळा तेलात पडतो, बुडतो, फुगून वर येतो.

"पावलीन." स्वतःचं नाव घेताना तिला दरवर्षी लाज वाटते, आज वाटत नाही.

"जसिंता. मार्टिन. इव्हा." आपलं नाव ऐकून इव्हा टाळ्या वाजवते. जावई मार्टिन ड्युटीवर आहे, पण जिवंत आहे, त्यामुळे त्याचा फुगा पडतो.

मग पावलीन थांबते. मूठ तेलावर तशीच राहते. जसिंता खाली बघते. तिला वाटतं, आई रडेल, दरवर्षी इथे रडते. पावलीन रडत नाही.

"ऑल्विनचा," इनास हळूच म्हणतो.

ती त्याच्याकडे बघते. तीन वर्षं हाच माणूस मिस्सा सांगू या म्हणत होता. कोरणाऱ्याला दोनदा घरी घेऊन आला होता.

"ऑल्विनचा राहिला, पावलीन."

"तूच म्हणत होतास ना?"

"मी म्हणायचो." इनास परात ओट्यावर ठेवतो. "तू ऐकणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून म्हणायचो. तू धरून होतीस ना. म्हणून मला सोडता येत होतं."

 तेलातले पाच फुगे लाल होत आलेत. जसिंता त्यांना उलटंपालटं करत राहते, गरज नसताना.

इनासचं लक्ष तिच्या हाताकडे जातं. पीठ लागलंय समजून तो बोटाने तो थेंब पुसायला जातो. थेंब पुसला जात नाही. तो नखाने कड उचलतो, बोट नाकाशी नेतो आणि तसाच उभा राहतो. चर्चमध्ये आयुष्यभर मेणबत्त्या लावलेला माणूस, त्याला वास सांगावा लागत नाही.

"कुणासाठी लावलीस?" तो विचारतो.

पावलीन कढईकडे वळते. ती मूठ दाबते. अंगठ्याच्या फटीतून गोळा वर येतो.

"बोसन," ती म्हणते, आणि तो तेलात सोडते. दरवर्षी त्याचा नंबर ऑल्विननंतर असतो, आज इव्हानंतर लागला.