मंगळवारचा होकार

माझ्या धाकट्या भावाचं नवं व्हिजिटिंग कार्ड परवा आईने मला दाखवलं. आजवरचं हे पाचवं. आधीच्या चारांसारखंच तिने तेही आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय, त्यामुळे आता आरशात कपाळ दिसत नाही. कार्डावर 'मुख्य मोहीम प्रशिक्षक' असं छापलंय.

"म्हणजे हा नेमकं काय करतो गं?" आईने विचारलं.

"दुसऱ्यांना ओरडायला शिकवतो," मी म्हटलं.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फार झोंबलं वाटतं.

घरात आम्ही त्याला पुढारी म्हणतो. हे नाव बाबांनी ठेवलं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून घरात कसलाही वाद झाला की हा स्टुलावर चढायचा आणि सभा घ्यायचा. भांडी कोणी घासायची यावर एकदा त्याने पाऊण तास भाषण केलं होतं. भाषण मुलींच्या बाजूने होतं, हं! मुलींनीच का म्हणून घासायची, असा त्याचा सवाल. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषण संपलं तोवर भांडी मी घासून पालथी घालून ठेवली होती.

पुढे त्याचं तेच पोटापाण्याचं झालं. कॉलेज अर्धवट सोडून तो एका संस्थेत लागला. तिथे लोकांच्या हक्कांच्या मोहिमा चालवतात. आधी संपर्क कार्यकर्ता, मग जनजागृती सहायक, मग समन्वयक, मग मोहीमप्रमुख. ग्रंथालयाला अपंगांसाठी उतार हवा, ही त्याची पहिली मोहीम. उतार झाला नाही, हा मात्र समन्वयक झाला. मग शाळेच्या रस्त्यावरची झाडं वाचवायची होती. झाडं गेली, आणि हा मोहीमप्रमुख झाला. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात असं चालेल का, तुम्हीच सांगा. शिंप्याने दोन सदरे बिघडवले तर तिसरं कापड कोणी त्याच्या हातात देत नाही. याच्या बायोडेटात मात्र हरलेल्या मोहिमेला 'व्यापक जनजागृती' म्हणतात, आणि जितकी जागृती व्यापक तितकी खुर्ची मोठी.

एक सांगते, पुढारी लबाड नाही. लबाड असता तर परवडलं असतं, लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. शिवाय त्याचे प्रश्नही खरे असतात. उतार हवाच होता, झाडंही हवीच होती. म्हणून तर जास्त चीड येते. खोट्या प्रश्नाची वाट लावली असती तर मी हसून सोडून दिलं असतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्यावरच वेळ आली. मी मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. दिवसाला अडीच हजार चादरी गरम रोलरमधून काढायच्या आणि घडीच्या टेबलावर टाकायच्या. टेबलाच्या पलीकडे काकू. काकू म्हणजे आमच्या समोरच्या इमारतीतली, नात्याची नाही, पण माझ्या लहानपणापासून काकूच. चादर तिच्या हातात आली की चार झटक्यांत चौकोन होऊन ढिगावर बसायची. सत्तावीस वर्षं ती हेच करत होती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं ती बोटांवर मोजायची.

पहिली पाळी सहाला सुरू होते. लाँड्री गावाबाहेर सहा किलोमीटरवर, आणि तिथे जाणारी एकच बस, पाच दहाची. तीत आम्ही चौतीस बायका बसायचो. एक दिवस थांब्यावर कागद चिकटवलेला दिसला. प्रवासी कमी असल्याने पाच दहाची फेरी पुढल्या महिन्यापासून बंद. पुढची बस सहा वीसची. आमच्याकडे महिन्यात तीन वेळा उशीर झाला की हजेरीपुस्तकातून नाव जातं. मी सायकल चालवू शकत होते. काकू आयुष्यात सायकलवर बसली नव्हती आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते.

मी आपल्या पायांनी पुढाऱ्याकडे गेले. हो, मीच गेले. दुसऱ्या कोणाला दोष कशाला देऊ?

त्याचे डोळे असे लकाकले की जणू त्याला मुलगी सांगून आली होती. संस्थेच्या ऑफिसात भिंतभर फळा आहे, त्यावर त्याने लगेच चौकोन काढले, बाण काढले. मला समोर बसवून म्हणाला, "ताई, मोहिमेला चेहरा लागतो."

"आम्हाला बस लागते," मी म्हटलं.

"तू चेहरा नाहीस," तो म्हणाला. "तू रागीट दिसतेस."

चेहरा म्हणून काकू ठरली. तिचा फोटो काढायला माणूस आला. नवी साडी नको म्हणाला, कामावरचीच राहू द्या. बिचारीने केस विंचरले होते तर तेही थोडे विस्कटले. आठवड्याभरात प्रत्येक खांबावर काकू लटकली, खाली लिहिलेलं, 'माझी बस, माझा हक्क'. काकूला मनातून फार आवडलं. वरून म्हणायची, "काय बाई, या वयात भिंतीवर चढले," आणि त्या खांबांवरून मुद्दाम फिरून जायची. पुढाऱ्यावर तर तिचा जीवच बसला. "तुझा भाऊ म्हणजे सोनं आहे," असं ती मला टेबलापलीकडून सांगायची, आणि मी रोलरकडे बघायचे.

सह्या गोळा करायचं काम बायकांनी वाटून घेतलं. पाळी संपली की दारोदार. काकूने एकटीने दोनशेच्या वर सह्या आणल्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोर्चा ठरला होता.

त्याच्या आधीचा बुधवार. पुढारी आमच्याकडे जेवायला आला. आनंदाने नुसता उतू जात होता. आईने विचारलं, "काय रे, लॉटरी लागली का?"

"त्याहून भारी," तो म्हणाला. "काल चार वाजता वाहतूक खात्याच्या मॅडमचा फोन आला. बस चालू राहणार. पत्र तयार आहे म्हणाल्या, सही करते, उद्या न्यायला या."

माझा हात ताटातच थांबला. मी म्हटलं, "मग आणलंस का पत्र? दाखव."

"नाही ना! तीच तर गंमत आहे." त्याने पाणी प्यायलं, मिशी पुसली. "मी म्हटलं, मॅडम, शनिवारपर्यंत थांबा. मोर्चा तुमच्या दारात येईल, सगळ्यांसमोर काकूंच्या हातात पत्र द्या. त्यांनाही पटलं. फोटो येईल ना पेपरात."

मला क्षणभर कळेचना की हा मस्करी करतोय की खरं सांगतोय. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे मूर्खा, देत होत्या तर घ्यायचं सोडून नको म्हणालास?"

"नको कुठे म्हणालो? चार दिवस थांबा म्हणालो." आणि मग तो मला शिकवणीच्या आवाजात समजावायला लागला. "ताई, फोनवर मिळालेला विजय हा विजय नसतो. ती मेहेरबानी होते. लोकांना वाटलं पाहिजे की आपण लढलो आणि जिंकलो. आत्ता सांगितलं तर शनिवारी कोण येईल? पोस्टर छापलीत, संस्थेच्या मोठ्या ऑफिसातून दोन जण बघायला येणार आहेत."

"आत्ता फोन कर त्या बाईंना. माझ्यासमोर कर."

"तू उगाच घाबरतेस. आणि हे बघ, कोणाला बोलू नकोस. बायकांच्या पोटात राहणार नाही."

आई मध्ये पडली. "त्याला त्याच्या कामातलं कळतं गं. तू चादरी काढतेस, तो काय तुला रोलर चालवायला शिकवतो का?"

मी भांडले. चांगली भांडले, शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या इतकी भांडले. पण शेवटी गप्प बसले. चारच दिवस, म्हटलं. होकार तर आलाय. आणि खरं सांगायचं तर काकूला सगळ्यांसमोर पत्र मिळेल, हे चित्र मलाही थोडं आवडलं होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी सह्या गोळा करणं चालूच राहिलं. त्याबद्दल आता काय सांगायचं.

शुक्रवारी दुपारी मॅडमची बदली झाली. तडकाफडकी, दुसऱ्या खात्यात. कारण काय ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि त्याचा आमच्याशी संबंधही नव्हता. शनिवारी चारशे माणसांचा मोर्चा घोषणा देत तिथे पोचला. पुढे पुढारी, त्याच्या शेजारी काकू, तिचे दोन्ही हात पत्र घ्यायला मोकळे ठेवलेले. खुर्चीत एक नवा गृहस्थ होता. त्याने फाईल उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, "यात तसा काही निर्णय नाही."

"मॅडमनी तोंडी सांगितलं होतं," पुढारी म्हणाला.

"तोंडी कशाला? लेखी घ्यायचं होतं. आणि आल्या दिवशी गर्दी बघून निर्णय फिरवला तर मला उद्यापासून रोज हीच गर्दी बघावी लागेल."

झालं. एका सहीचं काम होतं, आणि ती सही आयती चालून आलेली असताना आमच्या शहाण्याने तिला शनिवारची वेळ दिली होती. बाहेर येऊन त्याने भाषण केलं. लढा संपलेला नाही म्हणाला. मोठ्या ऑफिसातून आलेल्या दोघांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि मान हलवली. त्यांना गर्दी आवडली होती.

पहिल्या तारखेला पाच दहाची बस बंद झाली. मी सायकल घेतली. काकू चार वाजता उठून चालत निघायची. अकरा दिवस चालली. त्यात तीनदा उशीर झाला आणि बाराव्या दिवशी घडीच्या टेबलाशी दुसरीच कोणी उभी होती, तिला चादरीची टोकंसुद्धा जुळवता येत नव्हती. मी मुकादमाच्या हातापाया पडले, उपयोग झाला नाही. पेन्शन गेली. काकूने शाळेतल्या पोरांचे डबे पोचवायचं काम धरलं, तेही गुडघ्यांनी महिनाभरात सोडायला लावलं. आता ती लोकांच्या साड्यांना फॉल लावते.

आणि पुढाऱ्याला यंदा मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं. हेच ते पाचवं कार्ड. आता तो गावोगावच्या कार्यकर्त्यांना मोहीम कशी चालवायची ते शिकवतो. काय दिवे लावले म्हणून, ते विचारायचं नाही.

गेल्या रविवारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "चल, काकूंकडे जाऊ. पहिल्या शिबिरात त्यांनी बोलावं असं वाटतं. तीन मिनिटं." मी नाही म्हणायला हवं होतं, पण म्हटलं, हा एकटा जाऊन काय काय बरळेल कोणास ठाऊक. गेले बरोबर.

काकूने त्याला पाहून मशीन बाजूला सारलं, खुर्ची पुसून दिली. "बस रे बाबा. किती वाळलास!" तिच्या मनात त्याच्याबद्दल काही म्हणजे काही नव्हतं. तो तिला शिकवायला लागला. कामावरून काढलं त्या दिवसापासून सुरुवात करा. आवाज भरून आला तर थांबवू नका. शेवटी एवढंच म्हणा, 'माझं गेलं, तुमचं जाऊ देऊ नका.'

काकूने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "मी आपलं बोलेन तुझ्यासाठी. मला एवढंच वाटतं रे, त्या आधीच्या मॅडम राहिल्या असत्या तर त्या हो म्हणाल्या असत्या. चांगल्या होत्या म्हणे. आपलं नशीब."

"त्या हो म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. कसं तोंडातून गेलं कळलं नाही. "मोर्च्याच्या आधीच्या मंगळवारी, चार वाजता. पत्र तयार होतं. याने त्यांना शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं."

"ताई!" पुढारी म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघत राहिली. "खरं?"

"काकू, तसं सरळ नव्हतं ते," तो म्हणाला. "रणनीती म्हणून..."

"गुरुवारी मी पाण्याच्या टाकीजवळच्या त्या इमारतीचे चार मजले चढले," काकू हळू म्हणाली. "लिफ्ट बंद होती. तू खाली उभा होतास. मी म्हटलं, पुरे आता, गुडघा धरलाय. तू म्हणालास, काकू, आणखी दहाच आणा. आणि तेव्हा बस मिळालेली होती?"

"त्या सह्या वाया नाही गेल्या, काकू. सगळ्या रेकॉर्डला आहेत."

तिने त्याच्यावरून नजर वळवली. मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. दोन वर्षं जे तिला दिसावं असं मला वाटत होतं ते तिला दिसलं होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी," मी म्हटलं.

काकूने हातातली साडी घडी करायला घेतली, मग तशीच ठेवली. "गुरुवारी माझ्याबरोबर तू होतीस," ती म्हणाली. "माझा हात धरून तूच वर चढवलंस मला."

ती उठली आणि तिने दार उघडून धरलं. आम्ही दोघे बाहेर आलो. जिना उतरताना पुढारी माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, हे आत्ता जसं बोलल्या ना, तसंच्या तसं तिथे बोलल्या तर काय परिणाम होईल!" एरवी मी त्याला तिथेच, त्याच पायरीवर, असं काही ऐकवलं असतं की त्याने जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण मला बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.